पाकिटात ऑक्सिजन नको, खोलीत हवा: खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमध्ये निष्क्रिय वायू कसे वापरायचे

पाकिटात नायट्रोजन किती भरला हे मोजून काही कळत नाही. मोजायचा असतो तो मागे उरलेला ऑक्सिजन. हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन, २०.९ टक्के ऑक्सिजन आणि ०.९ टक्के आरगॉन असतो. पॅकिंग यंत्राला करायचं एवढंच की तो २०.९ टक्क्यांचा वाटा हुसकावून लावायचा आणि पदार्थ संपेपर्यंत परत आत येऊ द्यायचा नाही. पण जो वायू पाकिटातून ऑक्सिजन हुसकावतो तोच यंत्राभोवतीच्या खोलीतूनही हुसकावतो. म्हणून या कामाला ऑक्सिजन मोजणारे दोन मीटर लागतात: पाकिटात खुपसायचा सुईचा एक आणि भिंतीवर लावायचा दुसरा. एकाच मीटरपुरते पैसे असतील तर भिंतीवरचा आधी घ्या.

कोणत्या पदार्थाला कोणता वायू

नायट्रोजन हा या कामातला मुख्य गडी. त्याला रंग, वास, चव काही नाही. पाण्यात आणि चरबीत तो फारसा विरघळत नाही, त्यामुळे पाकीट फुगलेलं राहतं आणि आतला माल चुरडत नाही. तळलेल्या चिप्स, सुकामेवा, दूध पावडर, भाजलेली कॉफी अशा कोरड्या मालाला निव्वळ नायट्रोजन पुरतो. तेल खवट होणं, रंग उडणं, काही जीवनसत्त्वं नष्ट होणं हे सगळं ऑक्सिजनमुळे होतं आणि ऑक्सिजन गेला की मंदावतं. बुरशीलाही ऑक्सिजन लागतो. मात्र नायट्रोजन जंतू मारत नाही. भरताना पदार्थात जेवढे जंतू होते तेवढे पाकिटात जिवंतच राहतात.

कार्बन डायऑक्साइडला निष्क्रिय म्हणायची पद्धत असली तरी तो निष्क्रिय नाही, आणि त्याचा उपयोग होतो तो त्याच कारणाने. पदार्थातल्या पाण्यात विरघळून तो कार्बोनिक आम्ल बनवतो आणि मांस-मासे नासवणाऱ्या स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंना व बुरशीला रोखतो. २० टक्क्यांच्या खाली त्याचा परिणाम नगण्य असतो. तो थंडीत जास्त विरघळतो, म्हणून शीतसाखळी ढिली पडली की त्याचा जोरही ओसरतो. विरघळल्यामुळे पाकिटातला वायू कमी होतो आणि ट्रेवरची फिल्म आत ओढली जाते. ग्राहकाला ती गळती वाटते. यावर उपाय म्हणून मिश्रणात नायट्रोजन ठेवतात. तो विरघळत नाही, पोट भरून धरतो.

आरगॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड आहे. उघड्या बाटलीत किंवा ट्रेत तो थोडा वेळ तळाशी टिकतो, एवढा त्याचा फायदा. कोरड्या मालाच्या बंद पाकिटात नायट्रोजनने जे साधत नाही ते आरगॉनने साधेल असं समजून जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. हीलियम टिकवण्यासाठी कुणी भरत नाही, तो गळती शोधायला वापरतात. युरोपीय पद्धतीत या वायूंना ई क्रमांक दिलेले आहेत: नायट्रोजन ई ९४१, कार्बन डायऑक्साइड ई २९०, आरगॉन ई ९३८, हीलियम ई ९३९. अशा वायूने टिकाऊपणा वाढवलेल्या मालावर ‘संरक्षक वातावरणात पॅक केलेलं’ अशा अर्थाची ओळ छापणं युरोपीय संघात बंधनकारक आहे.

मिश्रणांची सुरुवात साधारण अशी करतात. शिजवलेल्या, कापलेल्या मांसाला ३० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ७० टक्के नायट्रोजन. किसलेल्या चीजलाही तेच. पावाला ६० ते १०० टक्के कार्बन डायऑक्साइड, कारण तिथे शत्रू बुरशी आहे. तेलकट माशाला ४० ते ६० टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. कच्च्या लाल मांसाची गोष्ट उलटी आहे. त्याचा लाल रंग ऑक्सिजनवर टिकतो, म्हणून त्यात ७० ते ८० टक्के ऑक्सिजन भरतात. ऑक्सिजन थोडासाच, म्हणजे टक्का-दीड टक्का उरला तर मांस तपकिरी पडतं. या मांसाच्या मिश्रणाबद्दल एक धोक्याची गोष्ट: २५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असलेला वायू साध्या खनिज तेलाच्या व्हॅक्यूम पंपातून ओढला तर पंप पेट घेऊ शकतो, त्याचा स्फोटही होऊ शकतो. अशा यंत्राला ऑक्सिजन चालणारा पंप आणि त्याचं खास तेल लागतं. नायट्रोजनसाठी घेतलेलं यंत्र परस्पर या कामाला जुंपू नका.

ताजी भाजी आणि चिरलेलं सॅलड श्वास घेत असतं. ते निव्वळ नायट्रोजनमध्ये कोंडलं तर काही दिवसांत आंबल्यासारखा वास येतो आणि पानं गळाठतात. त्यांना २ ते ५ टक्के ऑक्सिजन आणि श्वास घेऊ देणारी, बारीक छिद्रांची फिल्म लागते.

ओलसर पदार्थांचा खरा धोका

ऑक्सिजन काढला की पदार्थ नासवणारे, वास आणणारे जंतू थांबतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम मात्र ऑक्सिजन नसतानाच वाढतो आणि त्याचं विष जीवघेणं असतं. वाईट भाग असा की इशारा देणारा कुजका वास येण्याआधीच पदार्थ विषारी झालेला असू शकतो. याच्या काही जाती ३ अंश सेल्सिअसलाही वाढतात, म्हणजे घरगुती फ्रिज त्यांना पूर्ण थांबवत नाही. लिस्टेरियाही थंडीत आणि ऑक्सिजनविना वाढतो.

त्यामुळे ओलसर, कमी आंबट आणि फ्रिजमध्ये ठेवायच्या पदार्थात फक्त वायू भरून मुदत वाढवू नका. आणखी एखादा अडथळा हवाच: पुरेसा आंबटपणा, पुरेसं मीठ किंवा कोरडेपणा, किंवा योग्य तापमानाला दिलेली उष्णता. थंडीत वाढणाऱ्या जातींना पीएच ५.० किंवा त्याखाली अथवा जलक्रियता (जंतूंना वापरता येणाऱ्या पाण्याचं माप, शुद्ध पाण्याला १) ०.९७ किंवा त्याखाली रोखता येतं. खोलीच्या तापमानाला ठेवायच्या मालाला पीएच ४.६ किंवा त्याखाली, नाहीतर जलक्रियता ०.९३ च्या खाली लागते. यातलं काहीच नसेल तर प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय मुदत छापू नका. तेलात बुडवलेला कच्चा लसूण, व्हॅक्यूममध्ये ठेवलेला स्मोक्ड मासा, उकडलेले बटाटे हे याच गटातले.

फिल्म चुकली की वायू फुकट

नवखा माणूस वायूच्या शुद्धतेवर खर्च करतो आणि फिल्म स्वस्तातली घेतो. हिशेब करून पाहा. फिल्ममधून दिवसाला प्रति चौरस मीटर किती घन सेंटिमीटर ऑक्सिजन झिरपतो हा आकडा पुरवठादाराच्या पत्रकावर असतो. तो शुद्ध ऑक्सिजन लावून मोजलेला असतो, म्हणून हवेसाठी त्याला ०.२१ ने गुणायचं.

समजा पाकिटाचा पृष्ठभाग ०.१ चौरस मीटर आहे आणि आतली रिकामी जागा १ लिटर. साध्या पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा आकडा १५०० धरला तर रोज १५०० × ०.१ × ०.२१, म्हणजे सुमारे ३१ घन सेंटिमीटर ऑक्सिजन आत येतो. १ लिटरात हे रोजचे ३ टक्के झाले. आतला ऑक्सिजन वाढला की झिरपणं मंदावतं, तरी आठवड्याभरात तो १३-१४ टक्क्यांवर जाईल. तोच आकडा धातूचा थर दिलेल्या पॉलिएस्टरला १ च्या आसपास असतो. मग १०० दिवसांत जेमतेम २ घन सेंटिमीटर, म्हणजे ०.२ टक्के. पॉलिथिनचा आकडा तर हजारोंत जातो. ते सील करायला चांगलं, ऑक्सिजन अडवायला निरुपयोगी. म्हणून फिल्म थरांची घेतात: बाहेर पॉलिएस्टर, मध्ये अडवणारा थर, आत सील होणारं पॉलिथिन.

ईव्हीओएच (इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल, ऑक्सिजन अडवणारं प्लॅस्टिक) हा थर कोरडा असताना उत्तम अडवतो, पण दमट झाला की ढिला पडतो. ओलसर पदार्थाला तो वापरायचा तर दोन पाणीरोधक थरांच्या मध्ये दाबलेला हवा. धातूचा थर असलेली फिल्म वारंवार दुमडली की थराला बारीक तडे जातात. पत्रकावरचा आकडा सपाट फिल्मचा असतो, घडी पडलेल्या पाकिटाचा नसतो.

वायू कुठून घ्यायचा

सुरुवातीला सिलिंडर बरा. ५० लिटरच्या, २०० बारच्या नायट्रोजन सिलिंडरमधून साधारण साडेनऊ ते १० घनमीटर वायू मिळतो. गेज अर्ध्यावर आलं की वायूही अर्धा उरलेला असतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो सिलिंडरमध्ये द्रव असतो, आणि द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत गेज २० अंशाला सुमारे ५७ बारच दाखवतं, मग अचानक खाली येतं. तो किती उरला हे वजन करूनच कळतं. जास्त वेगाने काढला तर रेग्युलेटर गोठतो आणि प्रवाह तुटक होतो. तिथे हीटर बसवतात.

रोजचं काम वाढलं की नायट्रोजन जनरेटर परवडतो. त्यात दाबलेली हवा कार्बनच्या सूक्ष्मछिद्री चाळणीतून जाते, ऑक्सिजन अडकतो आणि नायट्रोजन पुढे येतो. प्रवाह वाढवला की शुद्धता घटते. म्हणून विकत घेताना “ताशी किती घनमीटर” एवढंच विचारून थांबू नका, “किती शुद्धतेला” हेही विचारा. वायूतच ०.५ टक्के ऑक्सिजन असेल तर पाकिटात त्याहून कमी कधीच मिळणार नाही. पाकिटात २ टक्के चालत असतील तर ९९.५ टक्के शुद्धता पुष्कळ झाली, ९९.९९ च्या मागे लागलात तर त्याच यंत्रातून बराच कमी वायू निघतो आणि वीज वाया जाते. कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल आणि पाणी आधी काढा. तेलाने चाळणी कायमची खराब होते आणि तेलाचा वास थेट पदार्थाला लागतो. पाकिटाच्या आधी शेवटचा जंतूरोधक फिल्टर ठेवा. आणि जनरेटर बाहेर टाकतो तो वायू ऑक्सिजनने भरलेला असतो. तो खोलीत सोडला तर आगीचा धोका वाढतो, म्हणून नळी घराबाहेर न्या.

वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर आणि खाद्य दर्जाचा सिलिंडर बाहेरून सारखेच दिसतात. फरक आधी त्यात काय भरलं होतं आणि व्हॉल्व्ह कसा हाताळला गेला यात असतो. खाद्य दर्जाचं प्रमाणपत्र मागा.

भरण्याच्या दोन पद्धती

पहिली वायूच्या झोताची. रोलमधून पिशवी बनवणाऱ्या उभ्या यंत्रात माल पडायच्या नळीच्या आतून किंवा भोवतीने वायू सोडत राहतात. इथे ऑक्सिजन पातळ होत जातो. वायू पूर्ण मिसळतो असं धरलं तर रिकाम्या जागेइतका वायू एकदा सोडल्यावर ७.७ टक्के ऑक्सिजन उरतो, दुप्पट सोडल्यावर २.८, तिप्पट सोडल्यावर १.०, पाचपट सोडल्यावर ०.१४ टक्के. प्रत्यक्षात कोपऱ्यात हवा अडकते, त्यामुळे व्यवहारात २ ते ५ टक्के मिळतात. वायू दुप्पट केला म्हणून ऑक्सिजन निम्मा होईल अशी आशा धरू नका. एका मर्यादेपलीकडे झोताच्या वेगाने बाहेरचीच हवा आत ओढली जाते आणि आकडा उलट वाढतो.

दुसरी पद्धत निर्वात करून मग भरण्याची. चेंबर यंत्रात आधी हवा काढतात, मग वायू सोडतात, मग सील. इथला हिशेब सोपा आहे: उरलेला दाब भागिले १०१३, गुणिले २०.९. १०० मिलिबारवर थांबलात तर २.१ टक्के, ५० वर १.०, १० वर ०.२. वेग कमी, पण सच्छिद्र माल आणि पावडर यांना हीच पद्धत चांगली, कारण कणांमधली हवाही निघते. एकाच वेळी खोल निर्वात करण्याऐवजी १०० मिलिबारपर्यंत दोनदा ओढून दोनदा भरलं तरी ०.२ टक्के मिळतात. यात चूक होते ती गरम माल घालताना. २० अंशाला पाणी २३ मिलिबारवर उकळतं, ६० अंशाला तर २०० मिलिबारवरच. कोमट रस्सा निर्वातात ठेवला की तो उकळून सीलवर उडतो आणि वाफ पंपात जाते. माल आधी थंड करा.

झोताच्या यंत्राची जुळणी अशी करा:

१. पाकिटाचं एकूण आकारमान काढा. नमुना पाकीट माल घातल्यावर जितकं फुगतं तितकं पाण्याने भरून ते पाणी मोजा. मालाचं आकारमान वजा केलं की रिकामी जागा मिळते.

२. रिकामी जागा × मिनिटाची पाकिटं × ३, हा पहिला प्रवाह. १ लिटर रिकामी जागा आणि मिनिटाला ६० पाकिटं असतील तर १८० लिटर प्रति मिनिट. प्रवाहमापी कोणत्या वायूसाठी आणि किती दाबाला आखलेला आहे ते पाहा. हवेचा मापी कार्बन डायऑक्साइडला चुकीचं दाखवतो.

३. वायूच्या नळीचं टोक सीलच्या जबड्यांपर्यंत जमेल तेवढं खाली आणा, पण जबड्यात येऊ देऊ नका. टोकाला बारीक जाळी किंवा सच्छिद्र तुकडा लावला की झोत मऊ होतो. पावडर असेल तर हे अनिवार्य, नाहीतर धूळ उडून सीलमध्ये बसते.

४. यंत्र सुरू करण्याआधी नळी आणि गळा वायूने धुऊन घ्या. आकडा स्थिर होईपर्यंतची पाकिटं बाजूला काढा. मध्येच यंत्र थांबून पुन्हा चालू झालं तरी हेच करा. बहुतेक तक्रारी या पहिल्या चार-सहा पाकिटांतून येतात.

५. यंत्र थांबलं की वायूही थांबला पाहिजे. व्हॉल्व्ह यंत्राशी विजेने जोडा. तासभर जेवणाची सुटी आणि उघडा व्हॉल्व्ह म्हणजे १० घनमीटरहून जास्त नायट्रोजन खोलीत.

६. आता प्रवाह थोडा थोडा कमी करत प्रत्येक पायरीला पाच पाकिटं मोजा. ऑक्सिजन चढायला लागतो तिथून एक पायरी मागे या. पहिला आकडा अनेकदा गरजेपेक्षा जास्त असतो.

मोजायचं कसं, आकडा वाचायचा कसा

पाकिटावर रबराची चिकट टिकली लावा, तिच्यातून सुई घाला. टिकलीशिवाय सुई घातली तर बाजूने हवा शिरते. सुई मालात किंवा द्रवात रुतू देऊ नका, ती बुजते आणि मीटर खराब होतो. पाकीट लहान असेल तर मीटरला लागणारा नमुना किती ते तपासा. १० घन सेंटिमीटरच्या जागेतून १५ ओढले तर उरलेले ५ बाहेरच्या हवेचे. रोज सकाळी मीटर मोकळ्या हवेत २०.९ दाखवतो का ते पाहा आणि मधूनमधून शुद्ध नायट्रोजनवर शून्य तपासा. तापलेल्या झिर्कोनिया सेन्सरला अल्कोहोलची वाफ चालत नाही. ती सेन्सरवर जळते, ऑक्सिजन खाते आणि आकडा खोटा कमी येतो. अल्कोहोल फवारलेल्या पावासाठी वेगळ्या प्रकारचा मीटर घ्या.

भरल्याबरोबर मोजा आणि २४ तासांनी दुसरं पाकीट मोजा. हा दुसरा आकडा जास्त बोलतो. लगेच १ टक्का आणि उद्या ३ टक्के, आणि नंतर तिथेच स्थिर, तर हवा मालातच अडकलेली होती. पावडर आणि फुगवलेले पदार्थ हे नेहमी करतात. दूध पावडरला म्हणून काही ठिकाणी एकदा वायू भरून, थांबून, पुन्हा वायू भरतात. आकडा दिवसागणिक चढतच राहिला तर सील गळतंय किंवा फिल्म चुकली आहे. सगळ्या पाकिटांत सारखा चढला तर फिल्म, एखाद्यातच चढला तर सील.

गळती शोधायला पाण्याच्या पारदर्शक भांड्यात पाकीट बुडवून वरची हवा ओढतात. बुडबुड्यांची रांग जिथून निघते तिथे दोष. बहुतेकदा तो उभ्या आणि आडव्या सीलच्या छेदावर सापडतो, जिथे फिल्मचे थर दोनाचे चार होतात आणि पायरीपाशी फट राहते. त्यानंतर नंबर सीलमध्ये अडकलेल्या तेलाचा आणि चुऱ्याचा. असं असेल तर तापमान वाढवण्याआधी माल पडण्याची वेळ तपासा. जबडा मिटल्यावरही तुकडे पडत असतील तर कितीही उष्णता दिली तरी सील धरणार नाही.

किती ऑक्सिजन चालतो? तळलेल्या चिप्सला २ ते ३ टक्क्यांच्या आत, दूध पावडरला २ च्या आत, कॉफीला १ च्या आत असं धरून चाला. ताजी भाजलेली कॉफी स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते, तिच्या पाकिटाला एकेरी व्हॉल्व्ह नसेल तर ते फुटेल. शेवटचा अर्धा-एक टक्का वायूने काढणं महाग पडतं. तिथे लोखंडाच्या भुकटीची ऑक्सिजन शोषक पुडी स्वस्त पडते: १ लिटर जागेत २ टक्के म्हणजे २० घन सेंटिमीटर ऑक्सिजन, त्यात झिरपणारा मिळवा आणि त्याच्या दुप्पट क्षमतेची पुडी घाला. आणि पाकिटं डोंगरावर जाणार असतील तर कमी फुगवा. ३००० मीटर उंचीवर हवेचा दाब ७०० मिलिबारच्या आसपास असतो, तिथे पाकीट १.४ पट फुगू बघतं.

खोली

नायट्रोजन विषारी नाही, आणि घात तिथेच होतो. गुदमरल्याची जाणीव ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. नायट्रोजनच्या खोलीत माणूस श्वास बाहेर सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड साचत नाही, म्हणून दम लागत नाही, घाबरं होत नाही. १९.५ टक्क्यांच्या खाली हवा अपुरी मानतात. १६ च्या आसपास विचार आणि हालचाल बिघडतात, १० च्या आसपास शुद्ध हरपते, ६ च्या खाली काही सेकंदांत माणूस कोसळतो. दाराकडे पळण्याचं सुचेपर्यंत पाय ऐकत नाहीत.

खोलीचा हिशेब आधी करा. ४ × ५ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ६० घनमीटर. १० घनमीटरचा सिलिंडर पूर्ण गळला तर ऑक्सिजन साडेसतरा टक्क्यांच्या जवळ येतो. एका लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ६९० लिटर वायू होतो, त्यामुळे २५ लिटरचं भांडं सांडलं तर ऑक्सिजन १५ च्या आसपास. रोजच्या वापराचंही गणित आहे, कारण पाकिटात भरलेला सोडून बाकी वायू खोलीतच येतो. मघाचे १८० लिटर प्रति मिनिट म्हणजे ताशी १०.८ घनमीटर. ऑक्सिजन २० टक्क्यांवर ठेवायचा तर सोडलेल्या वायूच्या सुमारे २२ पट ताजी हवा लागते: ताशी २४० घनमीटर, म्हणजे या खोलीची हवा तासाला चार वेळा बदलायला हवी. एक खिडकी उघडी असणं म्हणजे चार वेळा बदलणं नव्हे. पंखा लावा, आणि तो बंद पडला की वायूचा मुख्य व्हॉल्व्हही बंद होईल अशी जोडणी करा. छताचा फिरता पंखा हवा फक्त ढवळतो, बदलत नाही.

ऑक्सिजन मीटर श्वासाच्या उंचीवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर लावा. द्रव नायट्रोजन असेल तर गुडघ्याखाली आणखी एक, कारण थंड वाफ जमिनीलगत पसरते. पहिला इशारा १९.५ ला, दुसरा १८ ला. दुसऱ्याला सगळ्यांनी बाहेर. आकडा खोलीच्या बाहेर, दाराशी दिसला पाहिजे. आत जाऊन वाचावा लागणारा मीटर काय कामाचा? रासायनिक सेन्सर साधारण दोन वर्षांत संपतो, त्यावर बसवल्याची तारीख लिहा.

कार्बन डायऑक्साइडला हा मीटर पुरत नाही. खोलीत तो ५ टक्के झाला तरी ऑक्सिजन १९.९ दाखवतो, मीटर गप्प. प्रत्यक्षात ४ टक्क्यांनाच तो जिवाला तात्काळ धोकादायक मानतात. ८ तासांच्या कामाला मर्यादा ०.५ टक्के आहे. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून खड्डे, तळघर, पायऱ्यांचा तळ इथे साचतो. त्याचा वेगळा मीटर, जमिनीपासून फूट-दीड फुटावर. सुक्या बर्फालाही हेच लागू: १ किलोचा अर्धा घनमीटरहून जास्त वायू होतो.

सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले, शक्यतो खोलीबाहेर ठेवा आणि नळी आत आणा. हलवताना टोपी घाला. साबणाच्या पाण्याने सांधे दर आठवड्याला तपासा. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. तो घट्ट झाकणाच्या भांड्यात कधी भरायचा नाही, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधल्या प्रत्येक नळीला दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर अडकलेला द्रव नळी फोडतो. हातमोजे सैल, झटकन निघणारे. लिफ्टमधून भांडं न्यायचं तर ते एकटं पाठवा, सोबत माणूस नको. बाटलीत द्रवाचा थेंब टाकून सील करणाऱ्या यंत्रात थेंब चुकून मोठा पडला की बाटली फुटते. आणि पदार्थ खाणाऱ्याच्या हातात जाईपर्यंत द्रव पूर्ण उडालेला असला पाहिजे. त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजण्याचे प्रकार घडले आहेत; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गेन्सविल इथे २८ जानेवारी २०२१ रोजी कोंबडी प्रक्रिया कारखान्यात फ्रीझरमधून द्रव नायट्रोजन बाहेर पडला आणि ६ कामगार गेले. द्रवाची पातळी सांगणारी नळी वाकलेली होती, हवेतला ऑक्सिजन मोजणारी यंत्रणा नव्हती, आणि काय झालं ते पाहायला किंवा सोडवायला आणखी माणसं त्या भागात शिरली. शेवटची गोष्ट अशा अपघातांत पुन्हा पुन्हा दिसते. कुणी आत पडलेलं दिसलं तर आत जाऊ नका. वायू बाहेरून बंद करा, पंखा चालू करा, दारं उघडा, अग्निशमन दलाला बोलवा. कापडी किंवा फिल्टरचा मास्क इथे काहीच करत नाही, कारण गाळायला ऑक्सिजनच नसतो. पाठीवर हवेचा स्वतःचा सिलिंडर असलेला प्रशिक्षित माणूसच आत जाऊ शकतो. खोलीच्या दारावर हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण त्या क्षणी कुणाला आठवत नाही.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे यंत्राचा स्वतःचा हॉपर (माल ओतायचं मोठं नरसाळं) आणि साठवणीची टाकी. त्यांनाही वायू दिलेला असतो आणि अडकलेला माल काढायला माणूस सहज डोकं आत घालतो. झाकण उघडण्याआधी वायूची नळी सोडवून वेगळी करा, नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागवू नका, तो झिरपतो. मग ताज्या हवेचा झोत द्या, दोरीला बांधलेला मीटर वर, मध्ये आणि तळाशी सोडून पाहा, तिन्ही ठिकाणी २०.९ आल्यावरच हात लावा. मीटर काम संपेपर्यंत आत लटकताच राहू द्या.